‘बा’ म्हणजे बाप न्हाई

ठाणाकुशनूर, रविवार, संध्याकाळ

उदगीरची ती पोरं आत्ता गेली. डोकं अजून तडकायलंय. अप्पानं तरुणपणी लिहून कॅसेटीत गायलेलं गाणं म्हणे आता सगळ्यांच्या मोबाईलवर वाजायलंय. इतकी वर्षं गावात कुणी विचारलं न्हाई, आणि आज हार, शाल, कॅमेरा!

आणि गाणं कशाचं, तर बापाचं म्हणे. ‘बा, बा, एकदा तरी बा.’ मेलेल्या बापाचा फोटो लावून लोक त्याच्यावर रडायलेत. अरे, ते बा कानडीतलं हाय! बा म्हणजे ये. माझी थोरली अक्का विहिरीत बुडून गेली, तवा अप्पानं तिला घातलेली हाक हाय ती. घरात आम्ही मराठीच बोलायचो, पण तिला एकटीला अप्पा कानडीत बोलवायचे. मला नुसतं ‘इकडं ये’.

मी सांगायला तोंड उघडलं, तोवर अप्पाच कॅमेऱ्यापुढं म्हणले, “व्हय, बापावरच लिवलंय.”

पोटच्या पोरीला पुसून टाकलं? एका शालीपायी?

पोरं गेल्यावर विचारलंच. “अप्पा, खोटं कामून बोललाव?”

गळ्यातला हार काढत ते म्हणले, “जलमभर बा बा म्हणलो, ती आली का? चुकून का हुईना, ही पोरं तर आली.”

मग बाजेवर जरा सरकले, शेजारची जागा हातानं झटकली आणि माझ्याकडं बघून म्हणले, “बा.”

मला. पहिल्यांदाच.

मी गेले न्हाई.