शिऱ्याचं कारण

सांडोर, वसई

उन्नती बाळा,

काल डेन्मार्कमध्ये शटल तुझ्या रॅकेटला निसटतं लागलं. पंचांना दिसलं नाही, पण तू स्वतःहून हात वर करून पॉइंट सोडलास. सकाळपासून अख्खं गाव म्हणतंय, "सुधाकरभाऊ, संस्कार तुमचे!"

तुला शाळेत घालतानाच मी तुझी जन्मतारीख दीड वर्ष पुढची लावली, खेळात फायदा व्हावा म्हणून. तेरा वर्षांखालची फायनल जिंकलीस तेव्हा तू चौदा वर्षांची होतीस. हरलेली नालासोपाऱ्याची इशिता पुन्हा कोर्टवर आलीच नाही. कुणाला सांगू नकोस म्हणून तुझ्या आईला मी शपथ घातली होती.

दर वर्षी आजच्या दिवशी ती शिरा करते. "आज काय विशेष?" तू विचारायचीस, आणि मी तुझ्या वाटीत आणखी शिरा वाढायचो.

बाळा, आज तुझा वाढदिवस असतो.

तुझे पप्पा