हंसिणीच्या पोटातला फ्रीज

प्रिय ट्राउडे हिला थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. तुझा गुडघा, तुझं मांजर आणि तुझा नवरा कसे आहेत? (याच क्रमाने कळव.) मी ठणठणीत आहे. दात तेवढे नवे बसवलेत, ते माझ्याआधी बोलतात.

आपल्या थेक्लानं ऑपेरा रचला, हे तुला ठाऊकच आहे. चंद्र गिळणाऱ्या हंसिणीची तीच गोष्ट, आई आपल्याला सांगायची ती. चिमुरडी हंसिणीच्या पोटात उतरते आणि चंद्राला बाहेर काढते. बटाटे उकडेपर्यंत संपायची. आमच्या नातीनं तिचे तीन तास केले. हंसीण झाली पेन्शन कचेरीतली कारकून आणि चंद्र झाला फ्रीज. (का गं, म्हणून विचारलं तर म्हणाली, ते प्रतीक आहे. आपल्या वेळी प्रतीकात लोणी ठेवत नसत.) वाजवणाऱ्यांत एक बाप्या पत्र्याचा टब करवतीनं कापत होता, आणि त्याला पगार मिळतो.

तालीम बघूनच मी ओळखलं, गाव पोरीची छी थू करणार! म्हणून आठवडाभर आधी मी दारोदार फिरले. बेकरीवाला, चर्चमधली गाणारी मंडळी, दातांचा डॉक्टर, सगळ्यांना बजावलं, नातीचं काम आहे, टाळ्या कमी पडल्या तर गाठ माझ्याशी आहे. (नगराध्यक्ष दुपट्यात होता तेव्हापासून मी त्याला ओळखते. तो पहिल्या रांगेत होता.) पडदा पडला आणि नऊ मिनिटं टाळ्या! बेकरीवाल्याचे तळवे बिटासारखे लाल झाले.

मी केक घेऊन मागे गेले, तर पोरगी ढसाढसा रडतेय.

"आजी, एकानंसुद्धा बूऽ केलं नाही!"

"अगं, मग बरंच झालं की!"

"बरं? माझे गुरुजी पहिल्या खेळाला अकरा मिनिटं शिव्या खात उभे होते, म्हणून आज ते गुरुजी आहेत! मला लोकांनी शाळेच्या गॅदरिंगसारख्या टाळ्या दिल्या."

ट्राउडे, या लोकांची रीतच तशी आहे म्हणे. नवं काही केलं की वरच्या सज्जातून बोंब उठली पाहिजे, तरच पेपरवाले लिहितात. पेपरात आलं फक्त, 'प्रेक्षक समाधानी.' थिएटरचा मुख्य म्हणाला, कुणाला रागच येत नसेल तर शनिवारचा खेळ शेवटचा, आणि पुढच्या ऑपेराचं काम दुसऱ्याला. म्हणजे पोरीचा गळा मीच कापला, तोही केक हातात घेऊन. हे तिला माहीत नाही.

बाकी क्षेम. कोबी यंदा छान आंबलाय.

तुझी,
वाल्बुर्गा

ता. क. बोलिंग क्लबातल्या तुझ्या बायका अजून तशाच दांडग्या आहेत ना? शनिवारी बस करून सगळ्यांना आण. तिकिटं माझ्याकडे आहेत, वरच्या सज्जातली. थेक्ला वाकून नमस्कार करायला आली की बेंबीच्या देठापासून बूऽ करायचं. आमच्या गावातलं कुणी करणार नाही, सगळे मला टरकून आहेत. मी स्वतः केलं असतं, पण दात पहिल्या रांगेत जाऊन पडतील.

आणखी एक. दुसऱ्या अंकाच्या शेवटी चिमुरडी फ्रीजचं दार उघडते आणि आपल्या आईचं अंगाईगीत म्हणते, तुला-मला झोपवायची तेच. आई जिथे सूर चुकायची, तिथेच चुकवलेलं. तेवढ्यात तुमच्यापैकी कुणी तोंड उघडलं, तर बस तुम्हाला न घेता परत जाईल. गुडघा असो वा नसो.