झाकणाच्या आतली खूण

प्रिय बाबा,

रोज फोनवर तुम्ही विचारता, "काय गं, आज काय शिकलीस?" आणि मी थाप मारते. घड्याळांच्या कंपनीत लागले हे खरं. पण डिझाइनला नाही, तक्रारींच्या काउंटरवर. इंजिनिअर होऊन दिवसभर एकच वाक्य म्हणते, "दुरुस्त होणार नाही, नवीन घ्या."

आज एक आजोबा जुनं घड्याळ घेऊन आले. मागचं झाकण उघडलं, तर आत सुईने कोरलेली तुमची खूण, शेजारी तारखा. सहा वेळा तुम्ही ते चालू केलं होतंत. दोष मला लगेच दिसला. लहानपणी तुमच्याच दुकानात, तुमचं भिंग डोळ्याला लावून शिकले होते ना! पण साहेब मागेच उभे होते. मी ते वाक्य म्हटलं.

आजोबा घड्याळ रुमालात गुंडाळत म्हणाले, "ही खूण करणारा फार गुणी माणूस होता हो. आता त्याचं दुकान बंद दिसतं. पोरी, तू ओळखतेस का त्याला?"

बाबा, मी नाही म्हटलं.

उद्या विचाराल काय शिकलीस, तर हे शिकले.

तुमची म्हणवून घेणारी,
लेक