सातव्या नळीतला दुष्काळ

प्रति,
मा. संचालक,
तळी व प्राचीन हवामान संशोधन केंद्र

विषय : बदली मिळण्याबाबत (अर्ज चौथा).
संदर्भ : आपल्या कार्यालयाची तीन एकसारखी उत्तरे.

महोदय,

'बोटाला लागलेलं ते पिवळं पीठ पुसू नकोस गं, त्यात अख्खं झाड आहे,' असे माझी आत्या फुलांपाशी बसून म्हणायची. त्याच पिठावर, म्हणजे परागकणांवर, अकरा वर्षे माझी नोकरी चालली आहे. तळ्याच्या तळातून एकीखाली एक अशा नळ्यांनी काढलेल्या गाळात जुने कण टिकून राहतात; जितके खोल तितके जुने. कोणत्या थरात कोणत्या झाडाचे किती, हे मोजले की त्या काळचे रान आणि पाऊसपाणी कळते. हे आपण जाणताच.

२. बाहेरचे ताजे कण काचपट्टीवर पडू नयेत म्हणून मोजणीखोलीची खिडकी खिळे ठोकून बंद केलेली आहे. त्याबद्दल तक्रार नाही. परंतु माझे यजमान व सात वर्षांची मुलगी दुसऱ्या गावी असतात. मुलगी फोनवर विचारते, 'आई, तुझं तळं अजून आटलं नाही का गं?'

३. आपले उत्तर दर वेळी तेच. आठव्या नळीतले रान सातव्या नळीच्या तळाशी एकाएकी नाहीसे होऊन गवत येते, मग हळूहळू रान परतते, आणि वरची सहावी नळी सुरू होताच पुन्हा एकाएकी गवत. या दुष्काळाचे कारण सापडेपर्यंत मोजणी सहायकास सोडता येणार नाही. मी पाच वेळा फेरमोजणी केली. पाचही वेळा आकडे तंतोतंत जुळले; त्यामुळे दुष्काळ अधिक पक्का झाला आणि मी अधिक अडकले. राख शोधून झाली, कोळसा शोधून झाला, आता टोळधाडीचा तपास चालू आहे. चार हजार वर्षांपूर्वी पाऊस पडला नाही, म्हणून मी यंदाही घरी जाऊ शकत नाही.

४. तीन अर्जांत जे लिहिले नाही ते आता लिहिते. सातवी नळी काढली तेव्हा वारा सुटला होता, होडी डोलत होती, मला मळमळत होते. लाल झाकण नळीच्या वरच्या टोकाला लावायचे असते; मी ते खालच्या टोकाला लावले. त्याच संध्याकाळी लक्षात आले. नोकरी कच्ची होती, म्हणून उद्या सांगू म्हटले. पुढे अहवाल छापून आला, दालनात त्या दुष्काळाचे रंगीत चित्र लागले, आणि तो उद्या आलाच नाही.

नळी उलटी करून वाचावी. रान एकदाच गेले, सावकाश, पान पान करत. मधला दुष्काळ पडलाच नाही.

मला बदलीने सोडावे की बडतर्फीने, हे आपण ठरवावे. पण सोडावे.

आपली विनम्र,
मोजणी सहायक (परागकण), खोली क्रमांक चार
दिनांक : ९ मार्च