मॅरेथॉनमध्ये दादा भेटला

ती. अक्का,

धाकट्या श्रीपादचा वाकून नमस्कार (प्रत्यक्ष वाकता येत नाही, मांड्या अजून ठणकतात, मनाने वाकलो आहे). तुझी कंबर आणि भाऊजींचा खोकला, दोन्ही मिरजेच्या थंडीत नीट वागत असतील अशी आशा आहे.

पुण्याच्या मॅरेथॉनमध्ये मी पळालो हे तुला तुझ्या भावजयीने, चित्राने, कळवलेच असेल, आणि मला वेड लागले आहे हेही. वेड वगैरे काही नाही. कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात बसून बसून पाठीचा कंस झाला होता, म्हणून सकाळी चिंचवडहून थेरगावच्या रस्त्याला पळू लागलो. पहिल्याच दिवशी भाजीची पाटी घेऊन निघालेल्या छबूबाई ओरडल्या, "काय सायेब, बस चुकली व्हय?" मी म्हटले, मजा म्हणून पळतोय. त्यांनी पाटी खाली ठेवली, मला नीट न्याहाळले आणि विचारले, "घरी समदं बरं हाय न्हवं?" (पुढे त्यांना सवय झाली. जाता-येता काकडी देऊ लागल्या.) हळूहळू मला खरोखरच मजा येऊ लागली. तेव्हा नाव दिले ते नंबरासाठी नव्हे. मोठ्या रस्त्याच्या मधोमध, मागे एकही ट्रक नसताना पळायला मिळेल, एवढ्यासाठी.

ट्रक नव्हता, पण अँब्युलन्स होती. ती शेवटच्या माणसामागून चालते, आणि डेक्कन ओलांडेपर्यंत शेवटचा माणूस मीच उरलो होतो. ड्रायव्हर ज्योतीराम मोठा सज्जन. खिडकीतून मान काढून म्हणाला, "राव, बसा की आत. आमाला बी जेवायचंय." मी म्हटले, मी मजेसाठी पळतोय. "तुमच्या तोंडावरनं तसं वाटंना," तो म्हणाला.

तेवढ्यात कर्वे रस्त्यावर दादाचे घर आले. मृदुलाच्या लग्नपत्रिकेत माझे, म्हणजे सख्ख्या काकाचे, नाव घालायचे राहिले तेव्हापासून दादा आणि मी बोलत नव्हतो, आणि तू दोघांना समजावून थकलीस. दादा गॅलरीत उभा होता, बनियनवर, हातात पेपर. त्याला दिसावे म्हणून मी छाती काढून जोरात पळालो, आणि त्याच्याच फाटकासमोर पोटरीत असा गोळा आला की रस्त्यावर बसकण मारली. अक्का, तिथे मला वाटले, संपले. आता अँब्युलन्सच, आणि तीही दादाच्या डोळ्यांदेखत. पण दादा जिना उतरून आला. हातात तांब्या, साखर-मीठ घातलेले पाणी. इतक्या वर्षांनंतरचे त्याचे पहिले वाक्य: "हे काय वय आहे का रे तुझं?" मग त्याने पोटरी चोळली (बरीच जोरात, थोडा राग तिथून निघाला असावा), मला उभे केले आणि म्हणाला, "चल, कोपऱ्यापर्यंत येतो."

कोपरा आला. तो म्हणाला, पुढच्या कोपऱ्यापर्यंत. असे करत करत, लेंगा आणि चपला घालून, तो शेवटपर्यंत आला. पत्रिकेचा विषय दोघांनीही काढला नाही. एकदा फक्त म्हणाला, "मृदुलाला मुलगा झाला. नाक तुझं घेतलंय." मी म्हटले, "बिचारा." तो हसला, आणि मला पुढचा रस्ता उताराचा वाटू लागला. मैदानावर पोचलो तेव्हा मांडववाले कमान सोडवत होते. ज्योतीरामने हॉर्न वाजवून त्यांना थांबवले. त्यांच्यातल्या दोघांनी सुटलेला बांबू हाताने धरून ठेवला आणि आम्ही खालून गेलो. चित्रा रडत होती. मला बघून की दादाला, ते विचारले नाही.

थोरांना नमस्कार, पोरांच्या पाठीवर थाप.

तुझा,
श्रीपाद

ता. क. खरे लिहायचे ते राहिलेच. पुढच्या वर्षी दादाही पळणार आहे. रिटायर झाल्यामुळे त्याला वेळच वेळ. सरावासाठी रोज पहिल्या बसने चिंचवडला येतो, चौकापर्यंत पळतो, मग आमच्याकडे पोहे खात, मी कामावर जाईपर्यंत, आमच्या पंख्यापासून माझ्या भांगापर्यंत सगळ्यात चुका काढतो. तो फक्त तुझे ऐकतो. या वयात पळणे शोभत नाही असे त्याला खडसावून लिही. माझे नाव घेऊ नकोस.

ता. क. २. पत्र टाकायचे राहिले. आज दादा आला नाही. मी केव्हाचा दारात उभा आहे. पोहे गार झाले. वरची विनंती रद्द समज.

ता. क. ३. आला. गजर वाजला नाही म्हणे. पोहे गार का, असे विचारतो आहे. विनंती कायम.