तळ्यावर बंदूक बंद

आई,

तुला मी आजवर पत्र लिहिलं नाही. तुला अक्षर येत नव्हतं, आणि पत्र वाचून दाखवणारा आपल्या पदरच्या दोन ओळी घालतो अशी तुझी पक्की समजूत होती. आज लिहायला बसले, कारण काल देवासहून आलेल्या पाहुण्यांनी त्या तळ्याची गोष्ट काढली. गावची माणसं तिथं येणाऱ्या-जाणाऱ्याचं अजून किती मनापासून करतात, म्हणून ते कौतुक करत होते. मी मान हलवली. मनात आलं, तू असतीस तर लगेच विचारलं असतंस, का करतात?

मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले तेव्हा तात्यांची नेमणूक नुकतीच तळ्यावर झाली होती. पूर्वी तिथं मोठ्या लोकांच्या शिकारी होत. मग दरबारचा हुकूम निघाला, तळ्यावर बंदूक बंद. पाखरं पाहायला ज्यांना यायचं त्यांनी खुशाल यावं, बंगल्यात उतरावं. पाहुण्यांची सोय तात्यांनी पाहायची आणि हाताखाली एक म्हातारा चौकीदार, एवढाच सरंजाम. पहिले पाहुणे आले त्या सकाळी तू दार उघडलंस तर ओट्यावर गावच्या बायका बसलेल्या. कोणी दूध आणलेलं, कोणी गोवऱ्या, दोघी अंगण झाडायला लागलेल्या. पुरुष आपापली डोंगी, ती लहान होडी, घेऊन काठावर उभे. बोलावलं कोणीच नव्हतं. तात्यांना भरून आलं. तू मात्र दुधात बोट बुडवून पाहिलंस आणि मला म्हणालीस, "हातांकडे लक्ष ठेव."

मी ठेवलं. कुणाचा हात कुठं गेला नाही, आणि त्यामुळे तुझा संशय वाढलाच. शेवटी, पोटुशीनं चालावं, या सबबीखाली तू मला रोज घाटावर धाडायला लागलीस, बायका काय बोलतात ते ऐकायला. मी येऊन सांगायची, लसणाच्या वाफ्याचं बोलत होत्या, जावईबापूंचं बोलत होत्या. तू म्हणायचीस, तुला बघून विषय बदलत असतील. ते खरंच होतं बहुधा. एका दुपारी पटेलाची, म्हणजे तिथल्या पाटलाची, बायको माझ्यामागोमागच घरी आली, पायरीवर बसली आणि सरळ तुला म्हणाली, "छोरी के कंई भेजो बईसाब, म्हारे से पूछो."

तू विचारलंस. आडपडदा न ठेवता विचारलंस, तुम्हाला आमच्याकडून हवंय काय?

"पामणा आवे तो बंदूक नी आवे," ती म्हणाली. पाहुणा आला की बंदूक येत नाही.

मग तिनं सांगितलं. शिकारीचा तळ पडला की गावातले सगळे पुरुष पाखरं उठवायला, हाकाऱ्याला, धरून नेत. उभा गहू घोड्यांच्या पायाखाली जाई. तिचा थोरला असाच हाकाऱ्याला गेला आणि गुडघ्यात छर्रे घेऊन आला. तो आता खाटेवरच असतो. पाखरं पाहणारे पाहुणे राजीखुशीनं परत गेले, चार लोकांत तळ्याचं नाव निघालं, तर हुकूम टिकेल, असा गावानं मिळून विचार केला होता. मला रडू आलं. तू तिच्या ओच्यात गुळाचा खडा घातलास, आणि ती गेल्यावर म्हणालीस, "मुलगा आहे का खरंच, ते बघून ये." मी गेले. मुलगा होता.

त्यानंतर महिनाभरात एक लांबचे सरदार पाहुणे म्हणून आले. सामानात एक लांब चामडी पेटी. मासे धरायच्या काठ्या आहेत, असं त्यांनी आपण होऊन सांगितलं, आणि तिथंच तुझे कान उभे राहिले. "इकडून जरा त्या पेटीपाशी उभं राहून पाहावं," तू तात्यांना म्हणालीस, "बंदुकीच्या तेलाचा वास येतो." तात्या चिडले. दरबारच्या पाहुण्यावर आळ घेतला तर नोकरी जाईल, पुन्हा हा शब्द घरात नको, असं बजावून गेले. संध्याकाळी दुधाचं भांडं परत करायला तू स्वतः पटेलाच्या घरी गेलीस. तू कधी कुणाच्या घरी जात नव्हतीस.

दुसरी सकाळ अजून डोळ्यांपुढे आहे. सरदार पेटी घेऊन बाहेर येतात तर अख्खा गाव काठावर. सगळे वाकून रामराम करतात. एक छत्री धरतो, दुसरा बसायला वेताचा मोढा उचलून त्यांच्यामागे चालतो, कोणी दूध पुढं करतं, कोणी हात धरून सारसांची जोडी दाखवतं. ते बांधाकडे वळले की गाव बांधाकडे. डोंगीत बसले तर मागे आणखी तीन डोंग्या. पटेलीण हसतमुखानं पुन्हा पुन्हा विचारते, काही कमी तर नाही ना? त्या माणसाला दिवसभर क्षणाचाही एकांत मिळाला नाही. पेटी उघडलीच नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी जेवणही न करता ते निघून गेले, आणि पुढं दरबारातून तात्यांची वाहवा करणारं पत्र आलं, की पाहुण्यांची अशी बडदास्त कुठं नाही. तात्यांनी ती वाहवा गावाला वाचून दाखवली. तू आतून ऐकत होतीस. पेटीत खरंच काय होतं ते कुणालाच कळलं नाही. कधी वाटतं, बिचारा मासेच धरायला आला असेल.

पुढं तात्या धारच्या नोकरीत गेले. तिकडच्या मनावर नावाच्या गावी जायचं म्हणून सामान बांधायला मी आले होते. गाडी निघाली तेव्हा पटेलीण वेशीपर्यंत बरोबर चालत आली आणि चाकाला हात लावून मोठ्यानं रडली. वेस मागं पडल्यावर तू मला हळूच विचारलंस, "माझ्यासाठी रडली, की पुढचा अंमलदार कसा येईल म्हणून?"

"तुझ्यासाठीच," मी म्हटलं. तू पदर तोंडाला लावलास आणि मनावर गाव येईपर्यंत तसाच धरून बसलीस.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून एवढं लिहून ठेवते. ‘तुझ्यासाठीच’ असं मी इतक्या ठामपणे म्हटलं खरं. पण मला ठाऊक नव्हतं, आई. अजूनही नाही.