मीठ तेलात विरघळत नाही

फर्गस फॉल्स, मिनेसोटा
१२ ऑक्टोबर २००३

ति. एल्डनकाकांस,
मार्लिसचा सा. न. वि. वि.

तुमचा गुडघा आता कसा आहे? काकू फोनवर म्हणाली, की डॉक्टरांनी जिना चढू नका सांगितलं आणि तुम्ही त्याच दुपारी शिडी लावून छपरावर गेलात. तुम्हाला काही सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

पत्र लिहायला कारण आहे. बाबांनी व्हिएतनामहून आणलेल्या पिस्तुलाची नळी आतून गंजली आहे. ब्रश फिरवला की तांबडी पूड येते, आणि उजेडात धरलं तर देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसतात. बाबांना जाऊन आठ महिने झाले, तेवढ्यात ही गत!

हे माझ्या सख्ख्या भावाचे, लोवेलचे प्रताप आहेत. सप्टेंबरात आमच्याकडे जेवायला आला आणि नेमबाजीला म्हणून शनिवार-रविवारपुरतं पिस्तूल मागून घेऊन गेला. मी रविवारी संध्याकाळी परत आणायला गेले, तर बाबांचं पिस्तूल सुटं करून भांडी घासायच्या सिंकमध्ये ठेवलेलं आणि हा किटलीतलं उकळतं पाणी त्यावर ओततोय! लोखंडावर पाणी! मी तिथेच त्याला नको नको ते बोलले. तो नुसता ऐकत उभा राहिला. मग दोन आठवडे माझ्याच्याने पिस्तुलाकडे बघवलं नाही. उघडलं तेव्हा हे दिसलं.

माझ्याकडे होतं तोवर मी ते डोळ्यांत तेल घालून जपलं. जुलैत बंदुकांच्या प्रदर्शनातून स्वस्तातल्या गोळ्यांचा एक मोठा डबा घेतला. जुना लष्करी माल, भयंकर घाण. दहा गोळ्या झाडल्या की हात कोळसेवाल्यासारखे. पण दर रविवारी झाडून आले, की बाबांच्या खुर्चीत बसून, टेबलावर वर्तमानपत्र पसरून, चिंधी स्वच्छ निघेपर्यंत पुसायची आणि भरपूर तेल द्यायची. अगदी बाबांनी शिकवलं तसं.

लोवेलला मी कळवलंय, की या वर्षी थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला येऊ नकोस. पुढच्या वर्षीचंही माहीत नाही. तुमची उभी हयात बंदुका दुरुस्त करण्यात गेली, म्हणून विचारते: ही नळी वाचेल का?

काकूला नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
मार्लिस


माइल्स सिटी, मोंटाना
१८ ऑक्टोबर २००३

चि. मार्लिस हीस अनेक आशीर्वाद.

गुडघा आहे तिथेच आहे. छप्पर गळत होतं, डॉक्टर येऊन दुरुस्त करणार होता का?

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि तुझ्या काकूला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, पोरीला जरा गोडीत लिहा. मला गोडीत लिहिता येत नाही, म्हणून सरळ लिहितो. पोरी, तू चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीस.

आधी त्या डब्यावर काय लिहिलंय ते बघ. अक्षरं परकी असतील आणि साल पन्नासच्या आसपासचं असेल, तर पुढचं नीट वाच. त्या काळच्या लष्करी काडतुसांच्या टोपीत असा मसाला असे, की तो पेटला की मागे मीठ उरतं. आपलं जेवणातलं नव्हे, पण जात तीच. हे मीठ नळीत बसतं आणि हवेतलं पाणी ओढतं. तुमच्याकडे दर मैलाला तळं, त्यात उन्हाळ्याची दमट हवा. मग गंजाला काय, घरबसल्या मेजवानी.

आता मला सांग, मीठ तेलात विरघळतं का? तव्यावर टाकून बघ. तू काजळी पुसलीस, ती दिसते. मीठ दिसत नाही. ते जागच्या जागी राहिलं आणि वरून तू त्याला तेलाचं पांघरूण घातलंस. मीठ जातं ते फक्त पाण्याने. उकळतं घ्यायचं, म्हणजे लोखंड तापून आपोआप वाळतं. मग कोरडी चिंधी, आणि तेल सगळ्यात शेवटी. हे झाडल्या दिवशीच करायचं, सोमवारवर टाकायचं नाही. माझ्या दुकानात लोवेल दोन उन्हाळे होता, त्याला मीच शिकवलंय. अर्विडला, म्हणजे तुझ्या बाबांना, हे ठाऊक नव्हतं असं नाही. तो कायम चांगल्या गोळ्या वापरायचा, म्हणून तुला सांगायची वेळच आली नाही.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. दोन नवे खिळे घे, त्यांचं तेल साबणाने काढ. दहा गोळ्या झाड, नळीतून कोरडी चिंधी फिरव आणि ती एका खिळ्याला गुंडाळ. दुसऱ्याला कोरी चिंधी. दोन्ही चार दिवस मागच्या ओसरीत ठेव. आणि पिस्तूल त्याच संध्याकाळी धू, नाहीतर प्रयोगापायी उरलीसुरली नळीही घालवशील.

राहिला तुझा प्रश्न. खड्डे भरून येणार नाहीत. नळी पूर्वीइतकी नेमकी राहणार नाही, पण चालेल. आणि असे खड्डे पडायला अख्खा उन्हाळा लागतो, दोन आठवडे पुरत नाहीत. हा हिशेब तुझा तू कर.

काकू विचारते, थँक्सगिव्हिंगला जेवायला कोण कोण आहे? मीही तेच विचारतो.

आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत.

तुझा,
एल्डनकाका


फर्गस फॉल्स
२ नोव्हेंबर २००३

प्रिय लोवेल यास,
अ. आ.

हे पत्र मी चौथ्यांदा लिहायला घेतलंय, तेव्हा अक्षराला हसू नकोस. फोन करणार होते, पण फोनवर मी रडेन आणि तू विनोद करशील आणि बोलायचं ते राहूनच जाईल.

एल्डनकाकांनी सांगितलं म्हणून दोन खिळे ओसरीत ठेवले होते. नळीतली चिंधी ज्याला गुंडाळली, तो चार दिवसांत तांबडालाल झाला. दुसरा दुकानातून आणला तसाच आहे. डब्यावर परकी अक्षरं आहेत आणि साल १९५२.

म्हणजे पिस्तूल मी घालवलं. बारा रविवार, स्वतःच्या हाताने, जपून जपून घालवलं. आणि तुझ्या बायकोसमोर मी तुला म्हणाले, की बाबांची एक वस्तू तुला धड सांभाळता येत नाही, म्हणूनच त्यांनी ती माझ्याकडे दिली. ते खोटं होतं, लोवेल. त्यांनी कुणालाच दिली नव्हती. मी कपाटातून उचलून आणली आणि तू कधी विचारलं नाहीस.

मला माफ कर. सत्तावीस तारखेला थँक्सगिव्हिंगला दोघंही या. तू आला नाहीस तर मी समजून घेईन, पण मला फार लागेल, हेही लिहून ठेवते.

एक मात्र समजत नाही. तुला हे सगळं ठाऊक होतं. सिंकपाशी उभं राहून माझ्या शिव्या खाल्ल्यास, तेव्हा एका वाक्यात माझं तोंड बंद करता आलं असतं. का नाही केलंस?

जमलं तर पूर्वीसारखाच जीव लाव.

तुझी,
ताई


मूरहेड
७ नोव्हेंबर २००३

ति. ताईस,
लोवेलचा सा. न.

पत्र पोचलं. अक्षराला हसलो, माफ कर. आम्ही दोघं येतो. भोपळ्याचा गोड पाय बायकोच भाजून आणणार आहे. तू करू नकोस, गेल्या वर्षीचा अजून पोटात आहे.

तू विचारलंस, म्हणून लिहितो. सप्टेंबरात तुझ्याकडे जेवायला आलो, तेव्हा फडताळावर तो डबा बघितला आणि काय झालं असेल ते समजलो. मला त्या शनिवार-रविवारी नेम धरायला कुठेच जायचं नव्हतं. पिस्तूल गुपचूप धुऊन, तेल देऊन परत ठेवायचं होतं. उघडलं तर खड्डे आधीच पडलेले.

जेवणानंतर भांडी विसळताना तुझा नवरा मला म्हणाला होता, की बाबा गेल्यापासून मार्लिस रोज कधी ना कधी रडते, फक्त रविवारी ते पिस्तूल पुसत बसते तेवढा तासभर नाही. तुझ्या पुसण्यानेच ते गंजलं, हे तुला सांगितलं असतं तर तो तासही गेला असता. तेव्हा म्हटलं, माझ्या पाण्याने गंजलं असं तिला वाटतंय ना, वाटू दे.

पुढच्या रविवारी पाणी मी उकळतो, पुसायचं काम तुझं.

पत्राच्या शेवटी लोभ असावा असं लिहायची रीत आहे. माझा होताच.

तुझा,
लोवेल